पणजोबांच्या पायाशी वाकलेली माणसं

२ नोव्हेंबर, रविवार
लक्ष्मीच्या तसबिरीची काच फुटली म्हणून मागचा पुठ्ठा काढला, तर आत जुनं छापील चित्र! पगडीवाले भारदस्त गृहस्थ पाटावर बसलेत, पुढ्यात भाताचा डोंगर, पायाशी चार माणसं वाकलेली. काय तो आदर! गृहस्थांच्या नाकावर चामखीळ. माझ्याही तिथेच आहे. म्हणजे पणजोबाच. खाली मोडीत एक ओळ. सन्मानाचीच असणार.
संकल्प: उद्यापासून एकच भाकरी.

३ नोव्हेंबर
पोशीरच्या नव्या वाचनालयाला पणजोबांचं नाव द्या, असा अर्ज केला. समितीचा अध्यक्ष जगदीश. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, अजून जळतो. म्हणाला, पुरावा काय हाय? दाखवतोच.
भाकऱ्या दोन. अपमानाने भूक वाढते.

५ नोव्हेंबर
कर्जतला जाऊन स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की चित्रातले गृहस्थ माझे सख्खे पणजोबा. चामखिळीचा क्लोजअप जोडला. सुप्रियाचं टुमणं, अहो, आधी ती ओळ वाचून घ्या. बायकोला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.
भाकऱ्या तीन. दगदग झाली.

९ नोव्हेंबर
फाट्यावर फ्लेक्स लागला. डावीकडे पणजोबा, उजवीकडे मी, तशाच पोझमध्ये. मुंबईहून रियाचा फोन. बाबा, ती माणसं नमस्कार करतायत असं वाटत नाही. मुंबईत राहून पोरीला आदर ओळखता येईना.

१६ नोव्हेंबर, रविवार
सभा. मोडी वाचणारे सर खोपोलीहून मीच आणले, माझ्याच गाडीतून. माइकवर वाचा, असा आग्रहही माझाच. त्यांनी वाचलं: पाटील जेवतात. गाव पाहते.
म्हणाले, हे व्यंगचित्र आहे. वाकलेली माणसं सांडलेली शितं वेचतायत. नुसतं कौतुकाचं चित्र असतं तर रद्दीत गेलं असतं, हे मात्र दुर्मिळ, फार मोलाचं.
सगळी सभा हसली. मी उठून ओरडलो, हा माणूस आमचा नाही! जगदीशने शांतपणे माझा स्टॅम्पपेपर वाचला. चामखिळीसकट.
लाज वाटली. खरंच वाटली.
भाकऱ्या मोजल्या नाहीत.

१७ नोव्हेंबर
रात्रभर विचार केला. व्यंगचित्र कोणाचं काढतात? मोठ्या माणसाचंच! फडतूस माणसासाठी कोण शाई घालवतो? नाव नाही तर नाही. चित्र वाचनालयाला देणगी देतो, ताठ मानेने. फ्लेक्स सुप्रियाने पेंढ्यावर घातला. घालू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार
उद्घाटन. चित्र दारासमोरच, नव्या काचेत. खाली पाटी: 'देणगीदार मालोजी, चित्रातील गृहस्थांचे पणतू.' मी मुद्दाम त्याच्याच खाली बसलो. बघू दे गावाला.
बुंदीचे लाडू वाटले. दोनच घेतले, मग आणखी एक. शेजारी सोनुबाई होती. तिच्या तीन पिढ्या आमच्या शेतावर लावणीला. तिने त्या वाकलेल्या चौघांकडे बराच वेळ पाहिलं. मग पाटलाच्या नाकाकडे, मग माझ्या. म्हणाली, तीच हाय रं.
आणि आपली लाडवाची ताटली उचलून माझ्यापासून लांब, पलीकडच्या बाजूला ठेवली.