पांढऱ्याच्या अलीकडे

३ नोव्हेंबर, सोमवार

उकळतं पाणी शंभर अंशांवर, वाफही शंभर अंशांवर — मग वाफेनं जास्त का भाजतं?

मला नाही सांगता आलं. आत्यानं विचारलं आणि मी गप्प! विज्ञानाची पदवी, तीही पहिल्या वर्गात. घरातली पहिलीच म्हणून बाबांनी चौकटीत बसवून दारासमोरच्या भिंतीवर टांगलीय. येणाऱ्याला आधी ती दिसते, मग माणसं. आणि मी गप्प!

झालं असं. दुपारी लॉन्ड्रीत इस्त्रीच्या तिसऱ्या रोलरमध्ये चादर अडकली. मागच्या बाजूनं ती ओढून काढायला आत्या गेली, गळक्या पाइपाची वाफ हाताला लागली आणि ती किंचाळली. मी ऑफिसातून धावत गेले. मनगट लालबुंद, बघता बघता फोड वर आला. नळाखाली हात धरून उभी होती, डोळ्यांत पाणी, तोंड मात्र चालूच.

"जन्मभर चुलीपुढे उकळतं पाणी अंगावर उडवून घेतलं, असं नाही कधी भाजलं. हे काय निराळं असतं गं? तू पदवीधर, मी भाजलेली. सांग बघू!"

"बघून सांगते," म्हणाले.

"बघून? मग तीन वर्षं कॉलेजात काय बघत होतीस?"

भोवतीच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. नुसती तोंडानं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आत्या हात बांधून कामावर हजर. "घरी बसून काय करू, भिंती मोजू?"

इथे चार महिने झाले, पण ही जागा कधी नीट लिहून ठेवली नाही. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे येतात. धुऊन, पिळून, तापलेल्या रोलरमधून काढल्या की कडक इस्त्रीच्या होऊन बाहेर. दोघी पुढून चादर घालतात, दोघी मागून घेतात. रोलर तापतो वाफेनं — बॉयलरमधून पाइपानं येते. माझं काम ऑफिसात, किती आल्या किती गेल्या ते लिहायचं. नोकरी आत्यानंच शब्द टाकून मिळवून दिली.

तिसऱ्या रोलरच्या मागे पाइपाचा एक सांधा गळतो. त्याला सगळ्या 'सासू' म्हणतात. का, तर दिवसभर फुसफुसते, कुणाचं नाव घेत नाही, पण कुणाला बोलतेय ते सगळ्यांना कळतं! "आज सासू जोरात आहे गं." "सासूला राम राम घालून जा." — असं चालतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! माळ्यावरून जुनी पुस्तकं काढली. अप्रकट उष्मा. परीक्षेत हे उत्तर मी घडाघडा लिहिलं होतं, आणि आत्याचा हात समोर असताना एक शब्द आठवला नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, आत्या, पाणी उकळायला लागलं की खालून कितीही जाळ कर, ते शंभराच्या वर तापत नाही. मग जाळाची उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात. ती सगळी वाफेच्या पोटात जाते. तापमापीत दिसत नाही, पण असते. वाफ तुझ्या कातडीला लागली की तिचं परत पाणी होतं, आणि होताना ती पोटातलं सगळं तुझ्या हातावर सोडते. उकळत्या पाण्याजवळ हा साठा नसतोच.

आत्यानं घास हातात धरून ऐकलं. "म्हणजे पोटात ठेवायचं, आणि कुणी जवळ गेलं की एकदम ओकायचं. नाव बरोबर ठेवलंय की आम्ही!"

मग घास खाल्ला आणि म्हणाली, "पण एक सांग. मी त्या पांढऱ्या वाफेत हात घातलाच नव्हता. पांढऱ्याच्या अलीकडे, पाइपाजवळ घातला होता."

मला वाटलं, गडबडीत तिला कळलं नसेल. तसं म्हटलं नाही. तिनं माझ्या तोंडावर वाचलं असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

आज किटलीसमोर स्टुलावर बसले. धाकट्या भावानं दोनदा डोकावून पाहिलं. "विज्ञानबाई, आम्हाला चहा मिळणार की नुसती वाफच दाखवणार?"

आणि मला दिसलं. म्हणजे — दिसलं नाही, तेच दिसलं!

किटलीच्या तोटीतून पांढरं निघतच नाही. तोटीच्या तोंडाशी बोटभर जागा मोकळी, काच असावी तशी. पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. चमचा पांढऱ्यात धरला — ओलसर झाला, कोमट. पुसून मोकळ्या जागेत धरला — क्षणात पाणी ठिबकायला लागलं आणि दांडा इतका तापला की हातातून सुटला.

पांढरं ही वाफ नाही. ते पुन्हा झालेलं पाणी आहे, बारीक बारीक थेंब, धुक्यासारखे. थंड हवेला भिडून जीव गेलेली वाफ. खरी वाफ दिसतच नाही! आत्याचं बरोबर होतं.

भाऊ म्हणाला, "अगं, एवढी पांढरी का पडलीस?"

कारण नव्या बाईला पहिल्या दिवशी पहिलं काय शिकवतात ते आठवलं. मलाही तेच शिकवलं होतं. तिसऱ्या रोलरच्या मागे जायचं तर पांढऱ्यापासून लांब राहायचं, पाइपाला चिकटून जायचं. सगळ्या तशाच जातात. रोज. पांढऱ्याला चुकवून नेमक्या त्या मोकळ्या जागेतून!

१० नोव्हेंबर, सोमवार

मॅनेजरसाहेबांना सांगितलं. वाईट माणूस नाहीत. एक फोन कानाला, दुसरा वाजतोय, समोर हॉस्पिटलचा माणूस चादरींसाठी ताटकळलेला. माझं अर्धंच ऐकलं असेल. "थोडंसं फुसफुसतंय हो ते. महिनाअखेरीला बॉयलर थंड करतो तेव्हा सांध्याचं पॅकिंग बदलू. आणि तुमच्या कायम होण्याचा कागद याच महिन्यात निघायचाय ना?"

धमकी नव्हती. खरंच आठवण करून देत होते. धमकी असती तर सोपं गेलं असतं.

मग बॉयलरमामांकडे गेले. बॉयलर तेच सांभाळतात, लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, "पांढरं बघ कसं पाइपापासून लांब गेलंय. म्हणजे जोर कमी."

"उलट आहे, मामा. जोर जास्त म्हणून पांढरं व्हायला वेळ लागतोय."

"मी या बॉयलरबरोबर म्हातारा झालो, आणि हिला उलट वाटतंय!" पाठ फिरवली. मी नीट बोलायला हवं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी किराणावाल्याला सांगून टाकलं, मुलगी कायम होणार. बाबा दुसऱ्यांची घरं रंगवतात. म्हणाले, यंदा आपल्या घराला रंगाचा हात मारू. कोणता रंग, मला विचारत होते. मी म्हटलं, पांढरा सोडून कुठलाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज केलं!

सांगून पटत नाही तर दाखवायचं. घरून मेणबत्ती नेली. जेवणाच्या सुट्टीत ती न पेटवताच लांब झाडूच्या दांड्याला आडवी बांधली आणि तिसऱ्या रोलरच्या मागे दुरून उभी राहिले. सगळ्या डबे हातात घेऊन जमल्या. त्यात ती घंटाबाई — आवाज असा की रोलर चालू असतानाही तिसऱ्या खोलीत ऐकू जातो — म्हणाली, "सासूला ओवाळतेस की काय गं?"

आधी मेणबत्ती पांढऱ्यात धरली. सगळ्यांना वाटलं, गेली आता. काही नाही. घाम फुटल्यासारखे थेंब आले अंगावर, पण ताठ.

मग हळूहळू पाइपाकडे आणली. पांढऱ्याच्या अलीकडे. जिथे काहीच नाही.

मेणबत्तीनं मान टाकली.

वाकली, लोंबली, आणि टपटप गळायला लागली. खाली फरशीवर थेंब पडले तसे लगेच पुन्हा घट्ट. स्थायू, द्रव, वायू — शाळेच्या तक्त्यावर तीन निरनिराळे चौकोन असायचे. आज तिन्ही एका हाताच्या अंतरात.

मग घंटाबाई, चक्क हळू आवाजात: "अगं बाई... तिथनं तर मी रोज जाते."

मामा कधी येऊन मागे उभे राहिले कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून दांडा घेतला, उरलेला तुकडा स्वतः त्या जागेत धरला. पांढऱ्यात नेला, परत आणला. दांडा मला देऊन निघून गेले.

मॅनेजरसाहेब आले ते रागावूनच. "काय चाललंय? सुट्टी संपली!" मग फरशीवरचं मेण पाहिलं, आत्याचा बांधलेला हात पाहिला. आवाज उतरला. "हातातल्या चादरी तर जायलाच पाहिजेत. पुढच्या आठवड्यात नक्की." या वेळी नक्की म्हणाले. बायकांनी खडूनं फरशीवर रेघ मारली — हिच्या पुढे कुणी जायचं नाही.

सुट्टीनंतर आणखी गंमत. सगळ्यांना प्रश्न फुटले! थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम का येतो? कपाटातल्या डांबरगोळ्या न वितळता, ओल्या न होता कुठे जातात? दोन्हींची उत्तरं सांगितली. घंटाबाईनं विचारलं, मग मधाचं काय, तो कधी पातळ कधी घट्ट? म्हटलं, बघून सांगते.

या वेळी कुणी हसलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रेघेचा उपयोग नाही.

तिसऱ्यात पुन्हा चादर अडकली. नवी मुलगी — आठवडाही झाला नाही येऊन — रेघ ओलांडून सरळ हात घालायला गेली. आत्यानं वेणी धरून मागे खेचलं. मुलगी रडायला लागली. आत्या म्हणाली, "रड. रडून झालं की केस विंचर. हात शाबूत आहेत, विंचरता येतील."

मी ऑफिसात येऊन बसले आणि एकही आकडा धड लिहिता येईना. खडूची रेघ डोळ्यांना दिसते, हातांना नाही. चादर अडकली की हात आधी जातो, डोकं मागून. आणि ती मोकळी जागा परवा वीतभर होती, आज दोन वीत आहे. पुढचा आठवडा तिला माहीत नाही.

शिकलेलं कामी आलं नाही तर भिंतीवर नुसती चौकट उरेल. पण कागद निघायला दोन आठवडे राहिलेत. बाबांनी रंगाचे नमुने आणून ठेवलेत उशाशी. त्यातला फिका निळा मला आवडलाय.

निघताना बॉयलरच्या खोलीवरून गेले. मामा माझ्याकडे न बघता बॉयलरशी बोलावं तसं बोलले, "तिसऱ्या रोलरची झडप भिंतीशीच आहे. लाल चाक. उजवीकडे फिरवलं की बंद. पहिले दोन रोलर चालू राहतात, बॉयलरला काही होत नाही." मग म्हणाले, "माझ्याकडे कुलूप मागू नकोस. माझ्या कुलपावर साहेबांचा हक्क आहे."

मी कुलूप मागितलंच नव्हतं.

बाहेर आत्या थांबली होती. मी काही न बोलताच म्हणाली, "दोन रोलरवर आम्ही आलटून पालटून उभ्या राहू. चादरी कधी कुणाच्या थांबल्यात?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

सायकल दाराशी विनाकुलूप उभी आहे. बाबांनी विचारलं, "हरवलंस?"

नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन लाल चाक बंद केलं, साखळी घातली, माझं कुलूप लावलं. किल्ली मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, सांधा दुरुस्त झाला की उघडा, आधी उघडायचं असेल तर ते तुमच्या हातानं. त्यांनी किल्लीकडे पाहिलं आणि वाजणारा फोन उचलला. संध्याकाळी निघाले तेव्हा ती जिथे ठेवली तिथेच होती, आणि सासू दिवसभर गप्प.

हे सगळं बाबांना सांगितलं. कायमच्या कागदाचंही. ते भिंतीवरच्या चौकटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. सायकलीला दुसरं आणू."