गनीच्या वाट्याची वाफ

नेर, फाल्गुन, २००८

प्रिय गनी,

तुझा फोन येतो तेव्हा तू आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतोस, मग विमलची. मी नेरचं काही सांगायला लागलो, की तुझ्याकडे कोणीतरी पाहुणा आलेला असतो आणि तू 'नंतर बोलतो' म्हणतोस. म्हणून आज लिहायला बसलो. कागदाला असं तोडता येत नाही. बरा आहेस ना? गुलनारवहिनींना मालेगावचं पाणी अजून खारट लागतं का? विमल त्यांची रोज आठवण काढते. परवा आंबाडीची भाजी केली आणि सवयीनं एक वाटी झाकून बाजूला ठेवली. ती कोणाकडे न्यायची, हे मग दोघांनाही कळेना.

आपला वाफेचा कारखाना सुरू झाला, गनी. 'आपला' असंच लिहितो, कारण ते बोलणं पहिल्यांदा निघालं ते तुझ्याच रंगखान्यात. आठवतं? भट्टीत लाकडं सारता सारता तू चिडून म्हणाला होतास, "एवढा जाळ, आन् अर्धा आभायात जाते. जाळ एकदाच लावावा, त्यात दोन कामं व्हावी." मी तेव्हा उद्योग खात्यात नोकरीला होतो. तुझ्या कढईतल्या सुताच्या निळ्या लड्या काठीनं वर येत होत्या, खाली जात होत्या, आणि मी बाकावर बसून चहा पीत नुसता हसलो होतो. तुझे हात कोपरापर्यंत निळे. चौथीत गुरुजींनी तुला हात धुऊन ये म्हणून पाठवलं, तेव्हा तू परत येऊन म्हणाला होतास, "धुतले गुरुजी. हा रंग बापाचा हाय, जात नाही." सगळा वर्ग हसला आणि गुरुजीही हसले. मला मात्र घरी जाऊन माझे हात फार पांढरे वाटले होते.

पुढचं तुला ठाऊकच आहे. कापसाचे दिवस फिरले, विणकर पांगले, लाकूड परवडेना, आणि दिवसातला निम्मा वेळ लाइट नसायची. तू रंगखान्याला कुलूप घातलंस आणि लेकाकडे, जुनेदकडे मालेगावला निघालास. बस हलली तेव्हा तू खिडकीतून माझ्याकडे न बघता समोर बघत बसलास. तेव्हा मला तुझा राग आला होता. इथल्या शेतकऱ्यांच्या बातम्या तू पेपरात वाचतच असशील. त्या मी लिहीत नाही. हात धजत नाही.

मी रिटायर झालो त्याच वर्षी देवराव घरी आला. जिनिंगवाला देवराव, ज्याची सरकीच्या तेलाची गिरणी तुझ्या भिंतीला लागून आहे. सरकारची योजना आली होती. कापूस वेचून झाल्यावर शेतात जाळून टाकतात ती पऱ्हाटी बॉयलरमध्ये जाळायची, त्या वाफेवर वीज करायची, आणि वीज करून उरलेली वाफ फुकट न घालवता शेजारच्या कारखान्यांना द्यायची. थोडे पैसे सरकार घालणार, थोडे जिनिंगवाले. पण एकमेकांवर विश्वास कोणाचा? कारखानदाराला वाटे सरकारी माणूस अडवायला बसलाय, आणि सरकारी माणसाला वाटे हा बुडवायला आलाय. देवराव म्हणाला, "पुंडलिकराव, तुमाले दोन्हीकडचं कळते. मधात उभं राहा." राहिलो. यवतमाळच्या इतक्या खेपा केल्या, की विमल म्हणायची, तुम्ही रिटायर झाले का नव्यानं नोकरीला लागले?

पहिल्याच मोठ्या बैठकीत खुशी मॅडमनी विचारलं. तरुण इंजिनिअर, सरकारकडून आलेल्या. बोलायला गोड, पण फाईल मिटू देत नाहीत. त्या म्हणाल्या, "वीज आम्ही घेऊ. पण वाफ कोण घेणार? निम्मी वाफ हवेत सोडायची असेल, तर ही योजनाच नाही." वीज तारेवरून कुठल्या कुठे जाते, गनी, पण वाफेला लांबचा प्रवास सोसत नाही, ती वाटेतच थंड होते. तिला शेजारीच लागतो. देवरावनं सरकी शिजवायला निम्मी घेतली. उरलेल्या वाफेचं नाव निघालं तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, गनीचा रंगखाना आहे. बंद आहे, पण माणूस आहे. देवराव म्हणाला, "तो काय येते आता? लेकाजवळ बसला सुखानं." मी म्हटलं, येईल. मॅडमनी तुझ्या भिंतीपर्यंत लाइन न्यायला मान्यता दिली. कारखाना सुरू झाल्यावर पहिल्या होळीपर्यंत ती तुझ्यासाठी राखायची, असं ठरलं.

मध्ये एकदा सगळंच मोडत आलं होतं. तांड्यावरच्या बाया पऱ्हाटी उचलू देईनात. मानीबाई, जी वेचणीला सगळ्या बायांना घेऊन येते, ती देवरावच्या ट्रॅक्टरसमोरच बसली. "चुलीतलं जळतन तुमच्या मशीनीले देऊ, मंग भाकर काय तुमच्या हाफिसात भाजू?" देवराव तापला, मॅडमनी फाईल मिटली. मग त्या तिघांनी बांधावरच बसून ठरवलं, की आधी प्रत्येक घराची चुलीपुरती गंजी लागेल आणि उरलेली पऱ्हाटी कारखान्याला जाईल. तोडणीचं आणि कुट्टीचं कामही त्याच बायांना. सरकार आणि कारखानदार पहिल्यांदा एका बाजूला बसलेले मी तिथं पाहिले, गनी. समोर मानीबाई होती म्हणून असेल.

दिवाळीनंतर बॉयलर पेटला. पहिली वाफ सुटली तेव्हा शिट्टीनं अख्खं नेर बाहेर आलं. लाइट गेलेली होती, पण जिनिंगमध्ये दिवे जळत होते, आणि शिजलेल्या सरकीचा वास बाजारापर्यंत गेला. लोक देवरावला हार घालत होते. मी मागच्या बाजूनं तुझ्या भिंतीशी गेलो. पांढरं कापड गुंडाळलेली लाइन तिथवर येते आणि तोंडावर लोखंडी झाकण बोल्टनं आवळलेलं आहे. पाइपावर हात ठेवला, तर कोमट होता. त्यानंतर मी तिथं रोज जायला लागलो. विमल म्हणाली, "त्या नळाशीच लगन लावा आता." तुला फोनवर विचारलं की तू म्हणायचास, येतो, या महिन्यात येतो. अमरावतीचा एक सोयाबीनवाला, ज्यानं इथं शेजारीच तेलाचा कारखाना काढलाय, त्या वाफेसाठी दोनदा येऊन गेला, आणि दोन्ही वेळा मी त्याला परत पाठवलं. देवराव वैतागला. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "काका, होळी आली." मी कोणाचं ऐकलं नाही.

मागच्या आठवड्यात यवतमाळच्या स्टँडवर नाहिद भेटली. तुझी पोरगी आता तुझ्यासारखीच भुवया उडवून बोलते. मी तिला म्हटलं, बापाला सांग, वाफ थांबून आहे. तर तिचे डोळे भरून आले. तिनं सांगितलं ते तिच्याकडून ऐकायला नको होतं, तुझ्याकडून ऐकायला हवं होतं. साखरेच्या आजारानं तुझ्या डोळ्यांतला रंग गेला. वाचता येतं, माणूस ओळखू येतो, पण निळा कुठला आणि हिरवा कुठला ते कळत नाही. मालेगावच्या ज्या रंगखान्यात तू कामाला जायचास, तिथं लड्यांचा सगळा घाणा चुकीच्या रंगात निघाला, मालकानं तुला घरी बसायला सांगितलं, आणि तू घरातल्या सगळ्यांना शपथ घातलीस, की पुंडलिकला कळता कामा नये. नाहिदवर रागावू नकोस. मीच हात धरून तिला बसवून घेतलं.

म्हणून हे पत्र. काल बैठक होती. तुझ्या वाट्याच्या वाफेचा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, द्या सोयाबीनवाल्याला. देवरावच्या हातातला कप तसाच राहिला. उद्या त्याचे फिटर येतील, बोल्ट काढतील. इथं आता रंगाचं काहीही काम तुझ्यासाठी थांबलेलं नाही. मला भेटायला यायला काही काम लागतं, असं तुला वाटत होतं का रे? चूक माझीही झाली, मी दर फोनला वाफेचंच सांगत बसलो. आता नुसता ये. वहिनींना घेऊन ये, खोली झाडून ठेवली आहे. सध्या पळस फुललाय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. तू आलास की तिकडं फिरायला जाऊ. तुला तो कसा दिसतो, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. राखाडी दिसला तर राखाडी म्हण, मातीसारखा दिसला तर तसं म्हण. मी वाद घालणार नाही.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
पुंडलिक