नादकाट्याचा दांडा

ता. १४, मंगळवार, दुपार

प्रिय भावजींना,

वहिनीचा नमस्कार. इकडे बरं आहे. जाऊबाईंचा खोकला थांबला का?

"दादा कामावर कधी येतो? गिऱ्हाइकं किती थोपवू? पियानो सुरात लावणारा त्याच्यासारखा कान दुसरा नाही," असं तुम्ही लिहिलंत. मी उत्तर टाळत होते.

तापात यांचे कान गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नुसता अडथळा असेल तर हाडातून आवाज आत पोचेल. आतली नसच गेली असेल तर कशानेच नाही." हाडाचं मला नवं नव्हतं. नव्या नवरीला यांनी काय दिलं असेल? नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या दातांत धरला. "हवेपेक्षा घन वस्तूतून आवाज वेगाने जातो, कळलं?" माझं डोकं घंटेसारखं घुमलं. सासूबाई म्हणाल्या, "अरे, सुनेला जेवू घाल, लोखंड काय चारतोस!"

म्हणून आता रोज सकाळी मी नादकाटा आपटते, दांडा यांच्या दातांत देते. हे माझ्याकडे बघतात, मान डोलावतात. "येतोय. कालच्यापेक्षा स्पष्ट." त्या भरवशावर मी तुम्हाला "सुधारणा आहे" असं कळवत राहिले.

रविवारी दूध उतू जात होतं. माझं अर्धं लक्ष तिकडे. घाईत नादकाटा न आपटताच दांडा यांच्या दातांत दिला.

"येतोय," हे म्हणाले. "आज तर छानच."

काटा थरथरलाच नाही तर आवाज कुठून येणार, भावजी? हे यांनीच मला शिकवलंय. हे आवाज ऐकत नव्हतेच, माझा चेहरा वाचत होते. मी "वा!" म्हटलं आणि ओटा पुसायला गेले.

यांची जागा दुसऱ्या कुणाला द्या. यांना मात्र इतक्यात कळवू नका, अजून हत्यारांना तेल लावून ठेवतात. मी रोज नादकाटा आपटते, हे रोज "येतोय" म्हणतात. आधी कुणी थांबायचं, ते दोघांनाही कळत नाही.

काल हे पाठमोरे पेपर वाचत बसले होते. मी दारात उभी राहून, तोंड न दाबता, पोटभर रडले. यांनी पान उलटलं.

घरात मोठ्याने रडता येतं, एवढी एक सोय झाली आहे.

तुमची,
वहिनी