नागीण नव्हे

डोंबिवली, शनिवार, १२ डिसेंबर १९५३

परवा उजव्या जांघेत झिणझिण्या आल्या, तेव्हाच ओळखलं. काल आग, आज पाणी भरलेले चार फोड. वर्षात तिसऱ्यांदा, आणि दर वेळी तीच जागा. वन्सं म्हणतात, "वहिनी, नागीण आहे. गेरू लावा. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातं." दोनदा लावला. आठवड्यात फोड वाळले. गेरूशिवायही वाळले असते का, कोण जाणे.

आज एकटीच ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "नागीण अशी त्याच जागी परत परत उठत नाही हो. हा वेगळा रोग. फोड बरे होतात, रोग अंगात राहतो. बहुधा यजमानांकडून आला."

"त्यांना जाऊन तीन वर्षं झाली."

"वर्षानुवर्षं दबून राहतो, बाई."

म्हणजे ह्यांना कुणाकडून? लग्नाआधी, की नंतर? आता विचारायचं कुणाला! मधूनच हे आठ-आठ दिवस बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकायचे. कंबर धरली म्हणायचे. मला वाटायचं, माझा कंटाळा आला. तेव्हा त्यांना फोड असायचे का? मला लागू नये म्हणून निजायचे बाहेर? मग ठाऊक होतं, तर सांगितलं का नाही? राग यावा असं वाटतं, पण धड तोही येत नाही.

परत आले तर वन्सं दारातच. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"नागीणच म्हणाली."

"बघा! उगीच हेलपाटा घातलात." लगेच गेरू उगाळायला बसल्या.

मी वाटी घेऊन आत गेले. त्यांचा भाऊ त्यांना होता तसाच राहू दे.