दोघांनी चढायची टेकडी

५ नोव्हेंबर, मंगळवार
फाटकावर अडवलं. मला! अकरा वर्षं रोज चढतेय ही टेकडी. रखवालदार म्हणतो, "आजी, नवा नियम आहे. सत्तरीच्या पुढं एकट्यानं आत जायचं नाही. जोडीनं या."
म्हटलं, जोडीदार जाऊन नऊ वर्षं झाली, त्याला कुठून आणू? तो हसला. मी नाही हसले. शहराला लागून एवढंच काय ते जंगल उरलंय, तिथंही आता नियम. वहीत नाव न लिहिताच परत फिरले.

६ नोव्हेंबर
घरात बसून चार उशांचे अभ्रे शिवले. सून म्हणाली, "आई, गच्चीत चाला की." गच्चीत कपडे वाळतात, माणसं नाही.
दाराची बेल बिघडलीय. मुलाला दोनदा सांगितलं. म्हणतो चांगली आहे. कामाचा कंटाळा, दुसरं काय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
जोडी मिळाली. खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर. वय शहात्तर, घरात एकटेच, गळ्यात दुर्बीण. म्हणाले, "मलाही सोडत नाहीत हो, टेलरबाई." वहीत दोघांची नावं लिहिली, फाटक उघडलं.
पण माणूस कसला! दहा पावलं चालतात, थांबतात, डोळ्याला दुर्बीण लावतात. "डावीकडं. सुतार पक्षी." बघितलं तर खरंच खोडावर बसलेला. पण वरच्या तळ्यापर्यंत दीड तास! मी एकटी चाळीस मिनिटांत पोचते. बोलतातही तोंडातल्या तोंडात. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवत असल्यासारखं.

११ नोव्हेंबर
पुन्हा दीड तास. चार पक्षी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
आज कळलं.
तळ्यावर दुर्बीण लावून म्हणाले, "खंड्या. पलीकडच्या खडकावर." मी शेजारीच उभी. दुर्बिणीची दोन्ही झाकणं लावलेली! खंड्या मात्र खडकावरच.
डोळे गेलेत माणसाचे. पाखरं कानानं ओळखतात आणि माझ्या मागं मागं चालतात.
परतताना वाटेत एक आडवी फांदी आली तेव्हा मोठ्यानं म्हटलं, "मेली ही फांदी, कुणाचं तरी डोकं फोडणार एक दिवस!" मागं बघितलं. ते बरोबर वाकले होते.

१५ नोव्हेंबर
बाकावर बसल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. ऑपरेशन झालं, उपयोग नाही. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळं धूसर. परगावच्या मुलीला माहीत नाही. कळलं तर घेऊन जाईल तिच्याकडे, आठव्या मजल्यावर. "लिफ्टनं खाली, लिफ्टनं वर. झालं माझं फिरणं."
चोवीस तारखेला ती येणार आहे. टेकडीवरही येते म्हणालीय. तिला शंका आलीय.
ते गेले तर मलाही फाटक बंद. आणि नुसतं फाटकच नाही – असो.

१६ नोव्हेंबर, शनिवार
नातीच्या मांजराच्या गळ्यातली घंटी काढून माझ्या पिशवीच्या तळाला शिवली. दुहेरी दोरा, सहा टाके. माझा टाका चाळीस वर्षांत उसवलेला नाही.
कंपाउंडरना म्हटलं, "माकडं लांब राहावीत म्हणून." ते म्हणाले, "हो हो, माकडांसाठीच." दोघांनाही ठाऊक.
नात रुसलीय. मांजर खूश.

२० नोव्हेंबर
तासाभरात तळं! घंटीच्या मागं झकास चालतात. मला वाटलं होतं दिवसभर किणकिण डोक्यात बसेल, पण काही त्रास नाही.
टेकडी फार शांत झालीय. पूर्वी पाखरांचा केवढा कलकलाट असायचा. कंपाउंडर म्हणाले, "भरपूर आहेत हो अजून." आंधळ्याशी काय वाद घालायचा.

२४ नोव्हेंबर, रविवार
मुलगी आली. नवे बूट, हातात फोन, नजर बापाच्या पायांवर. मी पुढं, ते मागं, ती त्यांच्या मागं. पिशवी हलवत चालले. वर तोंडही चालू ठेवलं – इथं मुळं वर आलीत, ही पायरी कुणी गाढवानं बसवली, हा चिखल बघा. एकदाही अडखळले नाहीत!
तळ्यावर दुर्बीण उचलली. झाकणं मी सकाळीच काढून खिशात टाकली होती. "खंड्या. खडकावर."
"बाबा, मला तर दिसलाच नव्हता! मी उगाच काळजी करत होते." मग माझ्याकडं वळून म्हणते, "मावशी, तुम्ही फार बोलता हो."
बोलते तर बोलते. संध्याकाळच्या गाडीनं गेली. एकटीच!

२५ नोव्हेंबर
सकाळी पिशवी धुवायला काढली तर घंटी नाही. टाका उसवलेला. माझा!
कंपाउंडरना विचारलं. आज पहिल्यांदाच माझ्या कानाशी तोंड आणून बोलले – "गेल्या सोमवारीच पडली, टेलरबाई. मला तुमची बडबड पुरते. आणि दुर्बीण काय माझ्यासाठी उचलतो होय? पाखरू शेजारी ओरडतं, तुम्ही ढिम्म. निदान कुठं बघायचं ते तरी कळावं तुम्हाला."

दाराची बेल चांगली आहे.