दम ऐकू आला पाहिजे

रत्नागिरी,
रविवार, २ जानेवारी २०२२

चि. महेंद्र यास,
काकाचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडीने तुझ्या काकूचा गुडघा धरलाय, तोंड मात्र व्यवस्थित चालू आहे. दारच्या कलमाला यंदा मोहोर बरा आहे. स्वप्ना बरी असेल. प्रज्ञेश आता उभा राहायला लागला असेल, तर ओटीला फळी लावून घे. तूही त्याच वयात ओटीवरून पडला होतास, आणि उचलायला मीच धावलो होतो.

नेहमीचं लिहायचं ते झालं. आता बसून वाच.

चषकाच्या परवानगीसाठी कलेक्टर कचेरीत द्यायचा म्हणून शिवा शिपायाच्या हाती तू पाठवलेला कागद गुरुवारी मिळाला. त्यानंतर तू चार वेळा फोन केलास. काकूने रेंज नाही म्हणून सांगितलं असेल. फोनवर नकोच. लिहितोय तेच नीट वाच.

कागद वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा तारखेला पुन्हा संस्थापक चषक! अरे, पेपरात रोज आकडे वाढताहेत, लोक पुन्हा मुंबईहून गावाकडे यायला लागलेत, आणि तुम्ही मैदानावर चुना मारताय? तुमच्या कॉलेजात वर्गात निम्मीच मुलं बसवायची, दोघांच्या मध्ये एक बाक रिकामा ठेवायचा, परीक्षा मोबाइलवर, वाचनालयाला कुलूप. आणि संध्याकाळी त्याच मुलांतल्या सात जणांनी एकाच्या अंगावर पडायचं! कबड्डीत अंतर कसं ठेवायचं, हे तुमच्या संस्थेतल्या एखाद्या शहाण्याने मैदानात उतरून मला दाखवावं. मी शिट्टी घेऊन उभा राहतो.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. काका, दोन वर्षं पोरं घरात सडली. पोलीस भरतीचं वय निघून चाललं, विद्यापीठाच्या संघात कोणाची निवड नाही, जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. खोटं नाही ते. कापणी झालेल्या मळ्यात रेषा ओढून तुला पहिली चढाई शिकवली ती मीच. खेळ बंद पडला की पोर कसं वाया जातं, ते मला सांगायला नको. पण हा चषक तू पोरांसाठी भरवत नाहीस, महेंद्र. सहा वर्षं तू कंत्राटावर आहेस आणि चषक जोरात झाला की कायम करू, असं संस्थेने तुला कबूल केलंय. तसं सरळ लिहिलं असतंस तर मी शिव्या देऊन गप्प बसलो असतो.

माझं डोकं फिरलं ते कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदाने. तुझंच वाक्य तुला वाचून दाखवतो. "मागील वर्षी सर्व सामने मास्कसह व नियमानुसार खेळवण्यात आले. एका खेळाडूस झालेला संसर्ग हा त्याच्या कुटुंबाच्या मिरकरवाडा बंदरावरील मासळी व्यवसायातून झाल्याचे निदर्शनास आले." आणि त्याखाली, प्रमुख पंच म्हणून, माझ्या सहीची जागा.

कोणाच्या निदर्शनास आलं रे? तुझ्या?

"एक खेळाडू" म्हणे. रूपेश नाव आहे त्याचं. तुझ्याच टीमचा पोरगा, गेल्या फेब्रुवारीत ज्याने तुला चषक जिंकून दिला. त्याच्या बापाचं नाव केरू. ट्रॉलरवर तांडेल होता, चौघा खलाशांना घेऊन समुद्रात जायचा. फायनलनंतर तीन आठवडेही झाले नव्हते आणि तो ऑक्सिजन लावलेल्या खाटेवरच वारला. आणि आई शकू. लिलावात मासळी घेऊन बाजारात बसायची. "मासळी व्यवसाय" म्हणजे ही बाई. बाकी कोणी नाही.

तुमच्या कॉलेजातून हीच गोष्ट तोंडी बंदरावर गेली तेव्हापासून शकू लिलावाला उभी राहत नाही. लोक तिच्या टोपलीपासून लांब सरकायला लागले, ते एक. पण तिला स्वतःलाही ते पटलंय. दहा महिने ती बाई धरून बसलीय, की बंदरावरून आपणच ते घरात आणलं आणि आपणच नवऱ्याला घालवलं. घरात शिरायच्या आधी अजून बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात घासते. कातडं गेलंय हातांचं. परवा मी पाहिलं. आणि तेच आता तू सरकारी कागदावर घालणार, तेही माझ्या सहीने.

आता मास्कबद्दल. "सर्व सामने मास्कसह." वर्षभर तू आणि मी या एका वाक्याच्या भोवती गप्प बसलोय. मी लिहितो.

मास्क मी काढायला लावले.

का, ते तुलाही पूर्ण माहीत नाही. फायनलचा दुसरा डाव. रूपेश चढाईला गेला. तोंडावर मास्क, भोवती पोरांचा ओरडा. मी मध्यरेषेवर कान लावून उभा, आणि मला त्याचा दम ऐकू येईना. कबड्डीचा पहिला नियम, दम स्पष्ट आणि सलग ऐकू आला पाहिजे. मी शिट्टी मारली, दम तुटला म्हणून त्याला बाद दिलं. पोरगा तिथल्या तिथे उभा राहिला. "काका, दम होता माझा! आईशपथ होता!" दुसऱ्या बाजूच्या पोरांनीही मान हलवली. त्यांनाही तो ऐकू आला होता, महेंद्र. सगळ्या मैदानाला ऐकू आला होता. एकट्या पंचाला सोडून.

माझे कान गेलेत. उजवा पूर्ण, डावा निम्मा. तीन वर्षं झाली. फोन मी का उचलत नाही ते आता कळलं असेल. रेंजला शिव्या घालू नकोस.

तेव्हाच शिट्टी खाली ठेवायला हवी होती. नाही ठेवली. तीस वर्षं आपल्या वाडीतला एक माणूस बोट वर करतो आणि खोतांची पोरंसुद्धा तोंडातून शब्द न काढता मैदानाबाहेर जातात. ते सोडवत नव्हतं मला. कचेरीत मी कारकून होतो आणि कारकूनच म्हणून बाहेर पडलो. मैदानात मी पंच होतो. म्हणून सगळ्यांदेखत माझी चूक लपवायला मी ओरडलो, "मास्क काढा दोन्ही टीमचे! दम ऐकू आला पाहिजे!" टेबलावर बसून तू मान डोलावलीस. आठवतंय ना? तुलाही घाई होती, पाहुणे बक्षिसासाठी ताटकळले होते.

मास्क निघाले. समोरच्या टीमच्या कोपऱ्यात सावर्ड्याचा सर्वेश उभा होता. सकाळपासून खोकत होता पोरगा, धूळ गेली म्हणत होता. शेवटच्या चढाईत त्यानेच रूपेशची कंबर धरली. वर आणखी तिघे पडले. तोंडाला तोंड लागलेलं, आणि त्या ढिगाखालून रूपेश कबड्डी कबड्डी करत मध्यरेषेकडे सरपटत होता. या वेळी मला ऐकू आलं. किती खूश झालो मी!

सर्वेशला मी दोष देत नाही, देऊही नकोस. एकोणीस वर्षांचं पोर. खोकला आला म्हणून फायनल कोण सोडतं? सोडायला लावणारे आपण होतो. तू आणि मी.

इथवर लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. काकूने चहा दिला आणि कानाशी येऊन ओरडली, "सगळं लिहा. अर्धं लिहायचं असेल तर तो कागद चुलीत घाला." तिला सगळं माहीत आहे. बंदरावरून त्या दिवशी मी काय घेऊन आलो, तेही.

तर ऐक. सामना रविवारी झाला. मंगळवारी दुपारी तुझा फोन आला. "काका, सर्वेश पॉझिटिव्ह निघालाय. तुम्ही जपा. पण कुठे बोलू नका, चषकाचं नाव खराब होईल." त्या दिवशी तुझा शब्द न् शब्द मला नीट ऐकू आला. मी बरं म्हटलं. तू मला कळवलंस, कारण मी तुझा काका. त्या पोरांचे काका कोणीच नव्हते काय रे? एकालाही फोन केला नाहीस!

आणि मी? मी तुझ्यापेक्षा वाईट.

बुधवारी सकाळी मी मिरकरवाड्याला गेलो. तोंडाला मास्क, लांबूनच मासळी घ्यायची म्हणून. नेमकी केरूची बोट लागली होती. आठ दिवसांनी आला होता समुद्रातून. मला पाहिल्यावर वरूनच हाक मारलीन, "काय पंचकाका! आमच्या पोरानं काय केलान? जिकलान म्हणं!" धक्क्यावर उभं राहून मी त्याला शेवटची चढाई सांगितली. चार जण अंगावर घेऊन कसा आला, बोट कसं रेषेला लावलं, सगळं हातवारे करून. खलाशी हातातलं काम टाकून ऐकत होते. केरूचे डोळे भरले. बर्फातली एक सुरमई उचलून त्याने माझ्या पिशवीत घातलीन. "नाय म्हणू नका. तुमीच शिकवलाव त्याला."

तेवढं सगळं मी बोललो. एक वाक्य बोललो नाही. केरू, आज घरी जाऊ नको, पोराला संसर्ग झाला असेल, आधी त्याची तपासणी करून घे. बोटीवर झोपला असता रे तो! जन्म बोटीवर गेला त्याचा, चार दिवस आणखी झोपायला काय लागलं असतं? पण तुझ्या चषकाचं नाव होतं, तुझी नोकरी होती, आणि विषय निघाला असता तर मास्क कोणी काढायला लावले तेही निघालं असतं. केरू घरी गेला. गुरुवारी रूपेशला ताप भरला. केरूच त्याच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होता.

मला काही झालं नाही. साधं पडसंही नाही.

वर्षभर मी स्वतःला एक कारण सांगत आलो. खरं बोललो तर शकूच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, पण ते रूपेशच्या डोक्यावर जाईल. बापाला मी मैदानातून आणून दिलं, असं पोराला वाटेल. म्हणून गप्प राहिलेलं बरं. केवढा विचारी माणूस तुझा काका! सगळी नाटकं. ते ओझं त्या दोघांपैकी कोणाचंच नव्हतं. ज्याचं होतं तो घरात बसून आंब्याचा मोहोर बघत होता.

आज सकाळी मी शकूकडे गेलो. रूपेशही होता. कॉलेज सोडलंय त्याने, बर्फाच्या कारखान्यात जातो. लादी उचलून दहा पावलं गेला की थांबून श्वास घेतो. याचा दम मला ऐकू येत नव्हता म्हणे! ओट्यावर बसून मी दोघांना सगळं सांगितलं. आता तुला लिहिलं तसंच, काही न गाळता. रूपेशला म्हटलं, यात तुझं काही नाही, तुझ्या आईचंही नाही, नावं दोनच आहेत. तो उठून नळाकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला.

शकू माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मला ऐकू यावं म्हणून जवळ सरकली, आणि विचारलंन, "ती सुरमई खाल्लाव तुमी?"

मी म्हटलं, "हो."

"दोघांनी?"

"हो."

"त्यांनी घरी नाय आणली ती," शकू म्हणाली. "पंचकाकांना दिली म्हणून सांगत होते. शेवटपर्यंत सांगत होते. आणि तुमी ह्ये मला आता सांगताव?"

मग ती उठून आत गेली. तिने मला जा म्हटलं नाही आणि बस म्हटलं नाही. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

तुझा कागद सही न करता या पत्राबरोबर आज रात्रीच शिवाच्या हाती परत पाठवतोय. त्याच्या मागे माझा अहवाल जोडलाय, दोन पानांचा, माझ्या अक्षरात. मास्क कोणी काढायला लावले, मंगळवारी कोणाला काय माहीत होतं, बुधवारी धक्क्यावर कोण काय बोललं नाही, सगळं तारखेनिशी आहे. पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. कान गेल्याचंही लिहिलंय, जिल्ह्याच्या पंच मंडळाला वेगळी चौकशी करायला नको. एक प्रत शकूला दिली. एक उद्या अकरा वाजता मी स्वतः प्राचार्यांना देणार, एक कलेक्टर कचेरीत. अठराचा चषक त्यानंतर होतो का ते बघू.

तुझी नोकरी जाईल. मला ठाऊक आहे. तुझ्या बापाच्या मागे तुला मी वाढवलं. वाडीतला पहिला प्राध्यापक म्हणून गावभर मिरवलं. पण तू तो कागद माझ्याकडे पाठवलास, कारण काका सही करेल याची तुला खात्री होती. ती खात्री तुला मीच दिली, त्या मंगळवारी "बरं" म्हणून. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

उद्या नऊ वाजता मी शकूच्या दारात असेन. दार उघडलं नाही तरी उभा राहीन. तू आलास तर तिथून दोघं मिळून कॉलेजात जाऊ आणि तुझं नाव तू स्वतःच्या तोंडाने सांग. नाही आलास, तर मी सांगेन.

स्वप्नाला आशीर्वाद. प्रज्ञेशला पापा. काकू म्हणते, येताना तोंडाला मास्क लाव, आणि तिथे गेल्यावर मान खाली ठेव.

तीस वर्षांत कोणाला बाद देताना माझं बोट अडखळलं नाही. आज ते स्वतःकडे वळवायला दहा महिने लागले.

तुझा काका,
गंगाराम
(आता पंच नाही)