साच्यातलं गाजर

३ तारीख, सोमवार
सण नऊ दिवसांवर आला आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून चौथ्या मजल्यावर काय जाणार? मिक्सरमधला करडा लगदा! मासा, गाजर, वाटाणा – सगळं एकत्र. अर्धांगवायूच्या पेशंटना नीट गिळता येत नाही, मान्य. पण आज तिथेच दाखल असलेल्या माझ्या आईने वाटी बघितली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन महिन्यांपूर्वी तिचं बोलणं गेलं, आता खाणंही सोडते की काय! आणि तो लगदा मीच केलेला.

५ तारीख, बुधवार
डोक्यात किडा वळवळतोय. प्रत्येक पदार्थ वेगवेगळा वाटून घ्यायचा आणि त्याला पुन्हा त्याचाच आकार द्यायचा! साचे कुठले? तळमजल्यावर कवळ्या बनवणारे काका आहेत. त्यांच्याकडे गाजर, वाटाणे आणि अख्खा मासा घेऊन गेले. काकांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, जन्मभर लोकांना चावायला दात दिले, आता दातांवाचून खायची सोय करायला लावतेस होय. पण संध्याकाळी रबरी साचे तयार!

८ तारीख, शनिवार
जिलेटिनचं गाजर – तोंडात जाताच पाणी. चायना ग्रासचं – नुसता भुगा. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी दोन्ही नापास केली. पाणी श्वासनलिकेत जाईल, तुकडे घशात अडकतील. बरोबरच आहे त्यांचं.

९ तारीख, रविवार
पुन्हा नापास.

११ तारीख, मंगळवार
जमलं! चायना ग्रास निम्मं केलं, थोडं कॉर्नफ्लोर घातलं. चमचा लोण्यातून जावा तसा जातो! बाईंनी दाबून पाहिलं, चमचा उपडा करून पाहिला, स्वतः खाल्लं. मग कागदावर सही ठोकली.

१२ तारीख, बुधवार – सण
अठरा ताटं वर गेली. केशरी गाजर, हिरवेगार वाटाणे, खवले उमटलेला मासा! खिडकीपाशी एक निवृत्त ड्रायव्हर असतात. त्यांनी खुणेने काटा मागितला – काटा! बायको घरून तिचं ताट घेऊन आली होती. दोघांची ताटं शेजारी ठेवली तर सारखीच दिसली. आईनेही ताट चाटूनपुसून साफ केलं. मी जिन्यात जाऊन रडले, मग एकटीच हसले, मग अठरा ताटं घासली.

१३ तारीख, गुरुवार
दुपारी आईला माशाचा घास भरवला. तिने तो सावकाश गिळला, कपाळाला आठ्या घातल्या आणि जड जिभेने, पण शेजारच्या नर्सलाही ऐकू जाईल असं म्हणाली – "अळणी."